तुला टाकीपासून दूर ठेवलं, तहसीन

तहसीन, तुझी मिट्टी झाली तेव्हा मी देगलूरला तुमच्या घरात अम्मीजवळ बसले होते. बाहेर पुरुषमंडळी जनाजा उचलत होती आणि अम्मीनं माझा हात आपल्या मांडीवर घट्ट धरून ठेवला होता. येणाऱ्या प्रत्येक बाईला ती सांगत होती, की ह्या पोरीनं माझ्या तहसीनला लई संभाळलं, माशांच्या पाण्याला हात लावू दिला नाही. बायका माझ्याकडे मायेनं बघत होत्या. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. आज अकरा दिवस झाले. अम्मीचं ते बोलणं मला पचत नाही, म्हणून तुझ्याशी बोलायला बसले. तू मध्येच तोडणार नाहीस, हे आपल्या आयुष्यात पहिल्यांदाच होतंय.

नांदेडला एम.एस्सी.च्या पहिल्याच प्रॅक्टिकलला आपण एका टेबलावर आलो. मासा फाडून आतले अवयव वेगळे करून दाखवायचे होते. माझ्या माशाचा पार चेंदामेंदा झाला होता. तू थोडा वेळ बघितलंस, मग माझ्या हातातून अवजार काढून घेतलंस आणि म्हणालीस, "हा चिमटा हाय. सांडशी न्हाई." आमच्या घरात सगळे मास्तर. पुस्तक सोडून हातात काही धरायची सवय कुणालाच नाही. तुझ्या अब्बांचं देगलूरच्या बसस्टँडजवळ घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. शाळा सुटली की तू त्यांच्या शेजारी बसून डोळ्याला भिंग लावायचीस, हे मला पुढे कळलं. केसाएवढी स्प्रिंग उचलणाऱ्या हाताला माशाची शीर शोधणं काय अवघड.

लातूरला आपण पीएच.डी.ला लागलो तेव्हा सगळे हसायचे. समुद्र कुठे, लातूर कुठे. माझ्या मामांनी तर सरळ विचारलं होतं, की त्यापेक्षा तुरीवर काही का करत नाहीस. आपल्या सरांची रायगडच्या खाडीकाठच्या लोकांशी ओळख होती. तिकडे तळ्यांत जिताडा मासा पाळतात आणि वर्षाआड कधीतरी जिवाणूंची साथ येऊन तळीच्या तळी मरतात. जिताडा या जिवाणूंशी कसा लढतो आणि त्याला आधीच तयार करून ठेवता येईल का, एवढा आपला विषय. कागदावर तो मला रुक्ष वाटला होता. मग सरांनी आपल्याला मोरेश्वरकाकांच्या तळ्यावर पाठवलं.

तू त्याआधी समुद्र पाहिला नव्हतास, आणि त्या दिवशीही धड पाहिला नाहीस. पलीकडे खाडी चमकत होती आणि तू बांधावर उकिडवी बसून गढूळ पाण्याकडे बघत होतीस. तरंगत आलेल्या माशांच्या अंगावर जखमा होत्या, परांची मुळं लाल झाली होती, काहींचे डोळे बाहेर आले होते. काका आपल्यामागे उभे होते. चार दिवसांपासून खाणं टाकलं तरी कुणी वर येत नव्हतं, असं ते सांगत होते. मग त्यांनी एकदम विचारलं, यांना ताप येतो का हो? मी पुस्तकातलं काहीतरी सांगायला लागले. तू हात करून मला थांबवलंस आणि तळ्याच्या एका कोपऱ्याकडे बोट दाखवलंस. तिथं पाणी उथळ होतं, ऊन पडत होतं, आणि जिवंत उरलेले बरेचसे जिताडे तिथं गोळा झाले होते.

"माणसाला ताप अंगातून येतो, काका," तू म्हणालीस. "ह्यांना अंग तापवता येत न्हाई. म्हणून ते कोमट पाणी शोधत जातात."

काकांनी तोंड फिरवून पंच्यानं डोळे पुसले. परतीच्या बसमध्ये तू खिडकीला डोकं टेकून बसली होतीस. मला वाटलं झोपलीस. पनवेलच्या अलीकडे डोळे न उघडताच म्हणालीस, की ते बिचारे आपलं औषध आपण शोधून राहिले, आपण नुसते नोंदी घेऊन आलो. तो विषय मला त्या दिवसापासून रुक्ष वाटला नाही.

आपल्या लॅबला लवंगेचा वास यायचा, आठवतं? लवंगेच्या तेलाच्या पाण्यात मासा गुंगला, की तू त्याला ओल्या फडक्यावर आडवं घ्यायचीस आणि शेपटीजवळून सुई घालून रक्त काढायचीस. अर्ध्या मिनिटात मासा परत टाकीत. तुझ्या हातचा मासा दगावला असं मला आठवत नाही. माझ्या हातचे दगावले. मी ते सरांपासून लपवायचे आणि तू मला लपवू द्यायची नाहीस. पण तुझा खरा जीव भिंगाखालच्या निळ्या ठिपक्यांवर होता. माशाच्या लढाऊ पेशींनी जिवाणू गिळला, की त्या आतून पेटतात, आणि आपण घातलेल्या रंगानं पेशीत गडद निळं दिसू लागतं. तसं दिसलं की तू मला ओढून आणायचीस. माझं काम पडलं असलं तरी. "बघ, खाल्ला त्यानं," म्हणायचीस, जसं काही घरातल्या लेकरानं पोळी खाल्ली.

ज्या वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या वर्षी प्राचार्यांनी टाक्या रिकाम्या करायला सांगितल्या. त्यांचं चुकीचं नव्हतं. गावात लोक घागरी घेऊन रांगेत उभे आणि आपण माशांना पाणी घालतोय, हे कुणाच्याही डोळ्यांवर आलं असतं. मी माझं काम आवरायला घेतलं होतं. तू दोन दिवस दिसली नाहीस. तिसऱ्या दिवशी रिक्षातून पाच कॅन घेऊन आलीस. पाण्याचे जार भरून देणाऱ्यांच्या मशीनमधून जे खराब पाणी गटारात सोडतात, ते तू दुकानोदुकानी जाऊन मागून आणलं होतंस. कुणी पीत नाही, कुणी धूत नाही, तसंही त्यात आपल्याला मीठच घालायचंय, असं तू प्राचार्यांना सांगितलंस. त्यांनी शिपायाला कॅन उतरवून घ्यायला सांगितलं. तो सगळा उन्हाळा तू रिक्षानं पाणी आणत राहिलीस. मी बरोबर असायचे, पण मागायला तू उतरायचीस. मला लाज वाटायची.

पुढे आपण दोघी त्याच कॉलेजात लागलो आणि लशीचं काम सुरू झालं. मेलेल्या जिवाणूंच्या पाण्यात जिताड्याची पिल्लं थोडा वेळ बुडवून काढायची, काही आठवड्यांनी पुन्हा एकदा. शत्रूची ओळख आधीच झाली, की खरा आला तेव्हा अंग तयार असतं. तुझ्या सगळ्या आयुष्याचंच ते मत होतं. माझी मुलगी लहान असताना मी तिच्या हाताला माती लागू द्यायची नाही, तेव्हा तू चिडायचीस. थोडं थोडं लागू दे, उज्जू, न्हाईतर शिकणार कसं ते अंग? ती आजारी पडली की मी तुला बोल लावायचे आणि तू तिच्याजवळ बसून तिला बरी होईपर्यंत गोष्टी सांगायचीस.

मग तुझे पाय सुजायला लागले. तू म्हणालीस उभं राहून होतंय. मी म्हणाले मीठ कमी खा. दोघी शास्त्राच्या, दोघींना कळायला हवं होतं. डॉक्टरांनी सोनोग्राफी करून सांगितलं, की दोन्ही मूत्रपिंडं आक्रसून गेलीत, बरीच वर्षं हे चाललं असणार. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तू हसलीस. माशांच्या लढाऊ पेशी हाडांत तयार होत नाहीत, मूत्रपिंडाच्या पुढच्या टोकाला होतात, हे तू वर्गात दरवर्षी शिकवायचीस. तू म्हणालीस, बरं झालं मी मासा न्हाई, न्हाईतर फौजेसकट गेले असते. मी पायरीवरच बसले. तू मला उठवून चहा पाजलास. आजारी तू होतीस.

डायलिसिसचं ते दीड वर्ष मी लिहीत नाही. तुलाही त्याबद्दल बोललेलं आवडायचं नाही. जावेदचं मूत्रपिंड जुळलं. धाकटा भाऊ, दुकानात बसणारा, रक्त बघितलं तरी चक्कर येणारा. त्यानं तुला विचारलंसुद्धा नाही, थेट डॉक्टरांना जाऊन सांगितलं. हैदराबादला ऑपरेशन झालं आणि सातव्या दिवशी डॉक्टर आपल्याला सगळे नियम सांगायला बसले. मी, अम्मी आणि तू, तोंडावर मास्क लावून. त्यांनी सांगितलं, की आलेलं मूत्रपिंड परकं आहे हे शरीराला कळू नये म्हणून गोळ्यांनी त्याची लढायची ताकद कायम दाबून ठेवायची. गर्दी नको, कच्चं नको, माती जपून. मग त्यांनी विचारलं, काम काय करता? तू सांगितलंस. त्यांनी पेन खाली ठेवलं. माशांची टाकी, खारं पाणी, जिवंत जिवाणू, यातलं काहीही नाही, ते म्हणाले. एखादा ओरखडा पुरेल.

तू त्यांच्याशी वाद घातलास. किती डोस, किती महिने, हातमोजे घातले तर, काच मध्ये असली तर. ते शांतपणे नाही म्हणत राहिले. बाहेर आल्यावर अम्मीनं माझा हात धरला आणि मी तिला शब्द दिला, की तहसीनला मी लॅबमध्ये पाऊल टाकू देणार नाही. तू ऐकत होतीस. 

सुट्टी संपून तू परत आलीस तेव्हा लॅबची तुझ्याकडची किल्ली मी मागून घेतली. तू पर्समधून काढून टेबलावर ठेवलीस. मला वाटलं, तुला पटलं. महिनाभरानं तू म्हणालीस, की टाकीजवळ नको, पण माशांच्या रक्ताच्या चाचणीच्या प्लेटी मी वाचते. त्यातले जिवाणू तर मेलेले असतात. स्टाफरूममध्ये आणून दे, हातमोजे घालते, मास्क घालते. तुझं बरोबर होतं. आज शांतपणे विचार केला तर त्यात धोका जवळजवळ नव्हताच. मी नाही म्हणाले. मला प्लेट दिसत नव्हती, तुझ्या हातावरचे सुयांचे डाग दिसत होते.

"तू माझी पहारेकरीण झालीस, उज्जू," तू म्हणालीस. "माझी मैत्रीण कुठं गेली?"

मी म्हणाले, मेलीस तर कुणाची मैत्रीण होऊ? हे मी बोलले, तहसीन. चिडून बोलले आणि परत कधी त्याची माफी मागितली नाही.

त्यानंतर आपण माशांबद्दल बोलणं सोडलं. डबा एकत्र खायचो. पेपर तपासायचो. पोरांच्या हजेरीवर बोलायचो. मी लॅबमधून आले की तू माझ्या हातांना येणारा लवंगेचा वास घ्यायचीस आणि मुकाट्यानं वही उघडायचीस. एकदाच मध्ये विषय निघाला. दुसऱ्यांदा लस दिल्यावर मी चाचणी लावली आणि प्लेटच्या प्रत्येक खळग्यात तळाशी नुसता एकेक ठिपका. अंगात प्रतिकार तयार झाला असता तर जिवाणू एकमेकांना चिकटून तळाशी जाळीसारखे पसरले असते. तीन वर्षांचं काम गेलं असं मला वाटलं. मी व्हरांड्यात येऊन मोबाइलवर काढलेला फोटो तुझ्यासमोर धरला. 

तू विचारलंस, किती दिवस झाले? मी म्हणाले, पंधरा. तू फोटो मोठा करून बघितलास आणि मोबाइल परत दिलास. "थंडीचे दिवस हायत. पाणी गार हाय. त्याचं रक्त पाण्याएवढंच गरम असतं. तुझ्या घाईनं त्याच्या अंगात काय तयार व्हायचं न्हाई. थांब अजून तीन आठवडे."

मी थांबले. तीन आठवड्यांनी जाळी पसरली, एकामागोमाग एक खळग्यात. मी धावत तुला सांगायला आले. तू हातातलं पेन थांबवलंस, हसलीस आणि म्हणालीस, बघायला मिळालं असतं तर. मी तेव्हा प्लेट आणून दाखवू शकले असते. दोन खोल्या ओलांडायच्या होत्या.

आता जे सांगायचंय ते. गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. दुपारी शेवटचा तास संपला होता आणि मी लॅबमध्ये एकटी टाकीची जाळी धूत होते. टाकीच्या काचेत मागची खिडकी दिसते. तिच्यात तू होतीस. बाहेर उन्हात, खिडकीच्या जाळीला कपाळ टेकवून उभी. ओढणी तोंडावर बांधलेली. मोठा जिताडा त्या बाजूला आला की तू मान वळवून त्याच्या मागं बघायचीस. मी वळले नाही. जाळी धुऊन झाली होती तरी धूत राहिले. वळले तर तुला आत बोलवावं लागेल, नाहीतर हाकलावं लागेल, आणि दोन्ही मला जमलं नसतं. बऱ्याच वेळानं काचेत पाहिलं तर खिडकी रिकामी होती. दुसऱ्या दिवशी तू डब्यात दाळचा आणलास आणि मी काहीही न घडल्यासारखी जेवले.

या हिवाळ्यात तू उदगीरला मावसबहिणीच्या लग्नाला गेलीस. मी अडवलं नाही. लग्नात मासे नव्हते ना. माझी सगळी राखण एका दाराशी होती आणि बाकीची दारं मी मोजलीच नव्हती. खोकला झाला, दोन दिवस तू अंगावर काढलास, तिसऱ्या दिवशी हैदराबाद. छातीत पसरलेला जिवाणू अगदी साधा निघाला. डॉक्टर म्हणाले, तो कुणाच्याही घशात असतो. फुप्फुसं भरत गेली. काचेपलीकडून मी तुला हात केला तेव्हा तुझे डोळे उघडे होते, पण तू मला पाहिलंस की नाही, मला सांगता येत नाही.

काल जावेद लातूरला आला. तुझ्या कपाटातलं सामान न्यायला. पुस्तकं, डबा, शाल, अब्बांचं भिंग. पिशवी भरून झाल्यावर तो म्हणाला, की डॉक्टर म्हणले, गुर्दा शेवटपर्यंत चांगला चालत होता. हे त्यानं मला दोनदा सांगितलं. मी म्हणाले, हो, चालत होता, तू दिलेलं काही वाया गेलं नाही. तो खाली बघत राहिला. मग त्यानं विचारलं, आपाचे मासे बघू का?

मी त्याला आत नेलं. तो टाकीसमोर खूप वेळ उभा राहिला. यातला लस दिलेला कोणता आणि न दिलेला कोणता, हे कसं ओळखायचं, असं त्यानं विचारलं. मी म्हणाले, बघून ओळखता येत नाही. तो मान हलवत राहिला. खोलीत पंपाचा आवाज तेवढा होता. आणि का कोण जाणे, अम्मीला जे सांगू शकले नाही ते मी त्याला सांगितलं. ती खिडकीत आली होती, जावेद. मी पाहिलं होतं तिला. मी वळले नाही.

त्यानं पिशवीचे बंद एका हातातून दुसऱ्या हातात घेतले.

"आपा को मालूम था, ताई," तो म्हणाला. "उसी शाम को फोन पे बोली थी मेरे कू. उज्जू ने देख ली, पन पलटी नई."

मी विचारलं, चिडली होती का?

"नई. हसी. बोली, अच्छा हुआ नई पलटी. पलटती तो मैं अंदर घुस जाती."

तो गेला. मी दुपारभर तिथेच बसून राहिले. तहसीन, त्या दिवशी मी वळले असते आणि तू आत घुसली असतीस, तर मी तुला बाहेर काढलं नसतं. एवढं सांगायचं राहिलं होतं.